कोरडी फरशी

“पाणी कुणी टाकलं इथं?”

आई उंबऱ्याशी पडलेली होती. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि डाव्यापेक्षा दोन बोटं आखूड. खुब्याचं हाड मोडलं की पाय असाच पडतो, हे मी आठवड्यापूर्वीच माझ्या वहीत एका पेशंटबद्दल लिहिलं होतं. तरी तिला कुठं दुखतंय हे विचारायच्या आधी माझ्या तोंडून हे वाक्य निघालं.

भारतीवहिनी बादली घेऊन ओट्यावर उभी होती. भुसावळात मे महिन्यात संध्याकाळी घरोघर ओट्यावर पाणी मारतात, तेव्हा कुठं सातपर्यंत तिथं टेकता येतं. आमच्याकडे ते काम वहिनीचं होतं.

“मीच टाकलं,” ती म्हणाली. “पण केतकी, आई पाण्यापर्यंत आल्याच नव्हत्या. आतल्या कोरड्या फरशीवर होत्या. कट् असा आवाज आला, त्या कळवळल्या, मग पडल्या. पडल्या त्या पाण्यात.”

“साडी भिजलीये तिची!”

“अगं, तेच सांगतेय मी...”

“नंतर सांग. दादाला फोन कर आधी.”

दादा लोको शेडमधून थेट हॉस्पिटलात आला. वहिनीनं त्याला पुन्हा सगळं सांगायला सुरुवात केली. कोरडी फरशी, आवाज, मग पडणं. तो बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होता. मान वर न करता म्हणाला, “भारती, कारणं पुरे.”

बाबा चौतीस वर्षं मालगाडीवर गार्ड होते. त्यांनी आवाज चढवल्याचं मला आठवत नाही. तेही हळूच म्हणाले, “सूनबाई, वयस्क माणूस घरात असताना जरा बघून पाणी टाकावं.”

शेजारच्या झांबरेकाकू डबा घेऊन आल्या होत्या. “आग माय, मी तर पाणी मारायच्या आधी दाराला कडीच घालते,” त्या म्हणाल्या.

वहिनीनं त्यानंतर ती गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली नाही.

तिला चारच दिवसांपूर्वी नेमणुकीचं पत्र आलं होतं. जिल्हा परिषदेची शाळा, यावल तालुक्यात, एसटीनं रोज जाऊन-येऊन करण्याजोगी. डीएड होऊन, परीक्षा देऊन नऊ वर्षं तिनं त्या पत्राची वाट पाहिली होती. दहा जूनपर्यंत रुजू व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. आम्ही गल्लीत पेढे वाटले होते. आई पडली तो दिवस एकोणतीस मेचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉ. फेगड्यांनी मला एक्स-रे बघायला बोलावलं. मी नुकतीच फिजिओथेरपी पूर्ण केली होती, जुलैत पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जाणार होते. ते माझ्याशी बरोबरीनं बोलत.

“किती दिवस लंगडत होत्या?”

“लंगडत नव्हती, सर.”

“नक्की?”

“मी रोज बघते तिला.”

त्यांनी पेनाचं टोक एक्स-रेतल्या मोडलेल्या हाडाच्या कडेवर ठेवलं. “ही पांढरी रेघ दिसते? ताज्या मोडीला अशी नसते. हाड भरून यायला बघत होतं. दम्यासाठी स्टेरॉईडच्या गोळ्या किती वर्षं घेतात?”

“पंधरा.”

“मग हाड ठिसूळ झालेलं असणार, आत भेग आधीचीच असावी. दोन-तीन आठवडे जुनी. काल ती आरपार गेली.”

“म्हणजे पडल्यामुळे नाही मोडलं?”

“बहुतेकांचं पडल्यामुळे मोडतं. काहींचं मोडतं म्हणून ते पडतात. नुसत्या एक्स-रेवरून मी शपथेवर सांगणार नाही. शिवाय लंगडत नव्हत्या म्हणतेस.” ते हात धुवायला गेले.

मी बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसले आणि फोन काढला.

तेव्हा माझं एक काम चालू होतं. साठीपुढच्या माणसांच्या खुब्याला काय झालंय आणि ती कशी चालतात, याची नोंद. दर रविवारी समाजमंदिराच्या हॉलमध्ये दहा मीटरची पट्टी आखायची, माणसांना तिच्यावरून चालवायचं आणि बाजूनं व पाठीमागून चित्रण करायचं. बेचाळीस माणसं झाली होती. खुबा झिजलेला माणूस त्या पायावर भार देताना अख्खं धड त्याच बाजूला झुकवतो, पायाची नखं कापता येतात का विचारलं की हसतो, कारण खुबा तेवढा वाकत नाही. खुब्याचे स्नायू लुळे पडले की उचललेल्या पायाकडची कंबर खाली घसरते, आणि दोन्हीकडे तसं असेल तर चाल बदकासारखी होते. जुनं मोडलेलं हाड आखूड जुळलं असेल तर दर पावलाला खांदा खड्ड्यात गेल्यासारखा खाली जातो. आणि जिथं आत कळ आहे तिथं काहीच झुकत नाही, फक्त तो पाय जमिनीवर कमी वेळ राहतो. तव्यावर टेकल्यासारखा टेकतो आणि उचलला जातो. हे डोळ्यांना पटकन दिसत नाही, चित्र थांबवून थांबवून मोजावं लागतं. मला ते दिसायचं. हॉलच्या दारातून आत येणाऱ्या माणसाचा आजार मी नाव विचारायच्या आधी सांगायचे आणि तो बरोबर निघाला की दिवसभर खुशीत असायचे.

हॉलवर जायच्या आधी घरी कॅमेरा नीट लावून बघावा लागे. त्यासाठी मी आईला घरातल्या बोळातून चालायला सांगायचे, कारण तिला काही झालेलं नव्हतं. माझ्या वहीत तिचं नावसुद्धा नव्हतं, निरोगी चालीचं माप म्हणून नुसतं ‘प्रमाण’ असं लिहिलेलं होतं. असे सहा रविवार. ती चित्रणं मी कधीच मोजली नव्हती. ती फक्त कॅमेरा सरळ आहे की नाही हे बघण्यासाठी होती.

जिन्यावर बसून मी मोजली. एका सेकंदाची तीस चित्रं. पहिल्या रविवारी डावा पाय जमिनीवर एकवीस चित्रं, उजवा एकवीस. चौथ्या रविवारी डावा बावीस, उजवा अठरा. सहाव्या रविवारी, म्हणजे पडायच्या तीन दिवस आधी, उजवा पंधरा.

चौथ्या रविवारची वहीतली नोंद मला पाठ होती. ‘डावं पाऊल आखूड दिसतंय. कॅमेरा तिरका. तीन अंश उजवीकडे फिरवला.’

आईची चाल बिघडली होती आणि मी कॅमेरा दुरुस्त केला होता.

पाचव्या रविवारच्या चित्रणात आवाजही होता. आई चालता चालता भिंतीला हात लावून थांबते. “केतू, पाय टेकला की मांडीच्या आत कळ येते गं.” आणि कॅमेऱ्यामागून माझा आवाज येतो, घाईतला, हसरा: “आखडलाय सांधा. दिवसभर बसून राहतेस म्हणून. रोज ओट्यावर वीस फेऱ्या मार, सुटेल.”

तिनं मारल्या होत्या. दहा दिवस. एकही न चुकवता, मोठ्यानं मोजत. भेगाळलेल्या हाडावर.

मी ते कुणालाही सांगितलं नाही. आधी नीट खात्री करू म्हणून पुन्हा मोजलं. मग तिसऱ्यांदा. ऑपरेशन झालं, खुब्याचा गोळा बदलला, मी चौथ्यांदा मोजलं. मोजणी चालू होती तोवर बोलायची गरज नव्हती.

पाच तारखेला आईला घरी आणलं. तिला उठवणं, बसवणं, कमोडच्या खुर्चीवर नेणं, सगळं वहिनी करायची. मी तिला एकदाच दाखवलं की पट्टा कमरेला कसा बांधायचा आणि आधी कोणता पाय टाकायला सांगायचा. दुसऱ्या दिवसापासून तिला ते माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. आईचा तोल जाणार हे तिला आईच्या आधी कळायचं.

आईला घरी आणलं त्याच रात्री जेवताना दादा म्हणाला, “शाळेचं आता कसं जमायचं? आईजवळ दिवसभर माणूस पाहिजे.”

वहिनी वाढत होती. “दिवसा बाई ठेवता येईल. माझ्या पगारातून देऊ.”

“तुझ्या हातून झालंय ना? मग परक्या बाईनं का निस्तरायचं?”

वहिनीनं भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि ती आत गेली. बाबा जेवत राहिले. मीही जेवत राहिले. त्या घासांची चव मला अजून आठवते आणि स्वतःची किळस येते.

सात तारखेला दुपारी वहिनी दळणाला गेली तेव्हा मी आईच्या पलंगाशी बसले आणि सगळं सांगितलं. चित्रणं, आकडे, फेऱ्या. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला शिव्या देईल.

ती छताकडे बघत म्हणाली, “माहितीये मला.”

“काय माहितीये?”

“पाय सरकला नव्हता. आतच काहीतरी तुटलं. मग मी पडले.”

“आई! मग तू बोलली का नाहीस? सगळे वहिनीला...”

“हळू बोल.” तिनं माझं मनगट धरलं. “काय बोलू? पोरीनं फेऱ्या मारायला सांगितल्या आणि माझा पाय मोडला, असं? उद्या तू दवाखाना काढशील. स्वतःच्या आईचा पाय मोडला तिनं, म्हणतील लोक. कोण येईल तुझ्याकडे?”

“आणि वहिनी?”

“तिला कुठं दवाखाना काढायचाय? चार दिवस बोलतात, विसरतात. ती सोसते.”

“तिची नोकरी जातेय, आई.”

“घरात खायला कमी आहे का?” तिनं मनगट सोडलं. “मला पाणी दे. आणि हे पुन्हा तोंडातून काढू नकोस.”

मी पाणी दिलं. उठून बाहेर गेले, ओट्याच्या कडेला लाथ मारली, अंगठ्याचं नख फुटलं. रागानं मला काही सुचत नव्हतं. पण खरं सांगायचं तर त्या रागात एक सुटकाही होती, आणि तिच्याच आधारानं मी आणखी दोन दिवस गप्प बसले.

नऊ जूनचा रविवार. दादानं सकाळीच बाजारातून एक पत्र टाईप करून आणलं. ‘कौटुंबिक कारणास्तव मी सदर पदावर रुजू होऊ शकत नाही.’ खाली वहिनीचं पूर्ण नाव. दुपारच्या चहानंतर त्यानं ते टेबलावर ठेवलं, वर पेन ठेवलं.

“सही कर. मी उद्या पंचायत समितीत देऊन येतो.”

वहिनी पदराला हात पुसत आली. उभ्यानंच पत्र वाचलं. “कौटुंबिक कारण कोणतं ते लिहिलं नाही,” ती म्हणाली.

“एवढं लिहायची गरज नसते.”

“लिहा ना. ‘सुनेनं पाणी टाकलं’ असं लिहा. साहेबांनाही कळू दे.”

“भारती, तमाशा नकोय मला.”

तिनं पेन उचललं. मी तिच्या हाताकडे बघत होते. ती टोपण काढत होती.

“तिनं काही केलेलं नाही,” मी म्हणाले. माझा आवाज इतका चिरका निघाला की बाबांनी पेपर खाली घेतला. “आई पाण्यावरून घसरली नाही. हाड आधीच चिरलेलं होतं. तीन आठवडे. माझ्याकडे पुरावा आहे.”

आतून आईचा आवाज आला. “केतू!”

मी फोन टेबलावर पत्राच्या वर ठेवला आणि पहिला रविवार दाखवला. मग चौथा, मग सहावा, चित्र थांबवत थांबवत. डावा पाय, उजवा पाय, किती चित्रं. दादा म्हणाला, “मला काही फरक दिसत नाही.” मी म्हणाले, “मलाही दिसला नव्हता. हे ऐक.” आणि पाचवा रविवार लावला.

आईची कळ आणि माझ्या वीस फेऱ्या, दोन्ही त्या खोलीत वाजलं.

“बंद कर ते,” बाबा म्हणाले.

मी वाट बघत होते. अकरा दिवस जे वहिनीवर पडलं होतं ते आता माझ्यावर पडणार, आणि ते पडावं असंच मला वाटत होतं. मी उभीच राहिले.

दादानं माझ्या पाठीवर हात ठेवला. “वेडी आहेस का? तू काय मुद्दाम केलंस? तुला काय माहीत आत भेग आहे.”

“मला माहीत असायला हवं होतं. तेच तर शिकले मी.”

“अगं, माणूस आहेस तू,” बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. “चुकायचंच. मनाला लावून घेऊ नकोस, बाळ.”

“आणि मी कोण होते, बाबा?” वहिनी म्हणाली. “अकरा दिवस?”

बाबांनी पेपरची घडी घातली. पुन्हा उलगडली. दादा खिडकीकडे बघत होता. त्या दोघांनी मला दोन मिनिटांत माफ केलं होतं, मी अर्ज न करता. मला त्या क्षणी त्या टेबलावरचं सगळं उधळून द्यावंसं वाटलं.

वहिनी माझ्याकडे वळली. “तुला कधी कळलं?”

“तीस तारखेला.”

“मे महिन्याच्या?”

“हो.”

“ऑपरेशनच्या आधी.”

“हो.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मी दहा दिवस तिच्या हातचं जेवले होते, हे ती मोजत होती की नाही मला माहीत नाही. मी मोजत होते.

दादा खाकरला. “ते असो. झालं ते झालं. पण प्रश्न तोच राहतो ना? उद्यापासून आईकडे कोण बघणार?”

“मी,” मी म्हणाले.

“आणि तुझं पुणं?”

“नाही जात या वर्षी.”

“असं कसं? वर्ष वाया जाईल तुझं,” बाबा म्हणाले.

“माझी नऊ गेली,” वहिनी म्हणाली. तिनं माझा फोन उचलून माझ्या हातात दिला, पत्र उचललं, पेनाला टोपण लावलं आणि दोन्ही वस्तू दादापुढे ठेवल्या. “साडेसातची गाडी आहे. मला सकाळी पाणी तापवून लागेल.”

दुसऱ्या दिवशी ती गेली. दादा तिला स्टँडवर सोडायला उठला नाही. जाताना तिनं मला कामं सांगितली, आधीच्या पाळीच्या नर्सनं पुढच्या नर्सला सांगावीत तशी: गोळ्या कुठं आहेत, आईला कोणत्या कुशीला त्रास होतो, वॉकरचा डावा पाय हलतो. मी म्हणाले, “वहिनी, मला...” ती म्हणाली, “उशीर होतोय,” आणि फाटक लावलं.

नऊच्या सुमारास आईनं हाक मारली. “भारती!”

मी आत गेले.

“ती कुठंय?”

“शाळेत.”

“उठव मला. घाईची लागलीये.”

मी पट्टा बांधला. तिला धरून बसवताना पट्टा वर सरकला, ती ओरडली. “हळू की! तिला जमतं. तू नुसती डिग्री घेतलीस.”

वॉकर माझ्या मागे भिंतीशी होता. मी तो पुढे केला नाही.

“आई, संध्याकाळी ती आली की तिला सांग. पाय पाण्यावरून घसरला नव्हता, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणून सांग. आणि माफी माग.”

“आता कशाला? कळलं ना सगळ्यांना.”

“तुझ्या तोंडून कळलं नाही.”

“केतू, वॉकर दे.”

“सांगशील?”

“सुनेची माफी मागू? या वयात?” तिनं दोन्ही हातांनी गादीची कड धरली होती. कपाळावर घाम आला होता. “दे गं. होणार नाही मला.”

“सांगशील का?”

मी किती वेळ तशी उभी राहिले ते सांगता येत नाही. त्या एका गोष्टीचं माप माझ्याकडे नाही. शेवटी ती म्हणाली, “सांगते.” ते म्हणताना तिचा चेहरा एकदम म्हातारा झाला. मी वॉकर पुढे ठेवला. आम्ही खुर्चीपर्यंत वेळेत पोचलो नाही. फरशी मी पुसली.

वहिनी पावणेसातला आली. चपला काढून हातपाय धुतले, मग आईनं तिला आत बोलावलं. दार लोटलेलं होतं. मी स्वयंपाकघरात कणीक भिजवत उभी राहिले. काही ऐकू आलं नाही. पाच मिनिटांनी वहिनी बाहेर आली आणि तिनं माठातून पेलाभर पाणी घेतलं.

“आईंनी माफी मागितली,” ती म्हणाली.

मी कणकेतून हात काढला. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, ते मी लपवू शकले नाही.

“तू लावलीस ना मागायला?”

“हो.”

“वाटलंच. रोज उठवलंय मी त्यांना. त्यांना कुणी उठवलं की त्या स्वतः उठल्या, मला कळतं.” तिनं पाणी पिऊन पेला पालथा घातला. “ती त्यांची नाही, तुझी माफी झाली, केतकी. तुझी तुझ्याकडे ठेव.”

मी काहीतरी बोलणार होते. तिनं परातीत डोकावून बघितलं.

“कणीक सैल झालीये. पीठ घाल थोडं. आणि सकाळी मला साडेसहाला डबा लागेल. तीन पोळ्या.”